जागेवरची रेघ

कबुतर देवदत्तच्या पावलावर बसलं होतं.

नेत्रा लखनौच्या निशातगंज बाजारातून आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कोपराने दार लोटत. आणि जाळीच्या दारापलीकडे, बाल्कनीत, तिला हे दिसलं. वेताच्या खुर्चीत देवदत्त, पाय समोरच्या स्टुलावर, आणि उजव्या पावलावर ते राखी कबुतर, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून. जसं ते कठड्यावर बसतं, कूलरच्या पेटीवर बसतं, समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसतं, अगदी तसंच. पाखराला बाकी काही कळो न कळो, एवढं तर कुणी शिकवावं लागत नाही, की काय जितं आहे आणि काय नाही. जित्या जिवापासून ते हातभर लांब राहतं. पिशव्या खाली ठेवायचं ती विसरली. कैऱ्यांच्या वजनाने बंद बोटांत रुतत गेले, बोटं पांढरी पडली, आणि ती बघत राहिली की देवदत्तची छाती हलते की नाही. सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर नजर रोवून. गुंडी हलली. मग कितीतरी वेळ हलली नाही. मग हलली. "अहो," ती म्हणाली, आणि तो आवाज जाळीतून गाळून निघाल्यासारखा बारीक आला. कबुतराने मान वळवली. देवदत्तने नाही.

तशी ही गोष्ट त्या दिवशी सुरू झाली नव्हती. देवदत्तने सगळी नोकरी हवाई दलात काढली. उडणाऱ्यांतला नव्हता तो, उडवणाऱ्यांतला. विमानाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून नटबोल्ट आवळणारा, नखांत ग्रीस बसलेला, कराडकडचा मोठ्या आवाजाचा हसरा माणूस. लग्न होऊन ती जोधपूरच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा स्वयंपाकघरात शेगडीच्या नळीवरच्या नटावर तिला लाल रंगाची एक बारीक रेघ दिसली होती, नटावरून उतरून खालच्या पितळेवर गेलेली. ती फडक्याने पुसायला गेली तर हा ओरडत आला, की हात लावू नको. ही काय भानगड, तिने विचारलं. "भानगड नाही, रेघ आहे," तो म्हणाला. "नट आणि खालचं पितळ, दोघांवरून मिळून एकच. नट केसाइतका जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. हात लावून बघायला नको, दुरून कळतं." "आणि नाही तुटली तर?" "तर गपगार झोपायचं." पुढे बदलीच्या प्रत्येक गावी, प्रत्येक घरात, ती रेघ त्यांच्याबरोबर आली. पंख्याच्या कड्यावर, कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर, शिलाई मशीनवर. एकदा तर त्याने नेत्राच्या चष्म्याच्या काडीवरल्या मोहरीएवढ्या स्क्रूवरही सुईच्या टोकाने रेघ ओढली होती, आणि माहेरी सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली होती. तो आवाज, ते हसणं. शेवटची बदली त्याने लखनौला मागून घेतली, कारण नेत्राची नोकरी इथल्या एका संशोधन संस्थेत. मुलगी हिमानी इथेच वाढली, इथलीच झाली. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्याने घरातलं जे सैल होतं ते सगळं आवळलं. मग आवळायला काही उरलं नाही. आधी बोलणं कमी झालं, मग बाहेर जाणं, मग जेवण. घर सोडून जाणारा माणूस एकेका खोलीतला दिवा मालवत दाराकडे जातो, तसा तो आतल्या आत मागे मागे जात राहिला. आणि कुठली खोली कधी काळोखी झाली हे नेत्राच्या ध्यानात आलं नाही, कारण त्याच दिवसांत तिच्या प्रयोगशाळेत त्या वर्षीचे बेडूक आले होते.

तिचा सगळ्या जन्माचा प्रश्न एका ओळीत सांगता येण्याजोगा होता, आणि सांगितला की लोक हसत: बेडकाच्या अंगात प्रथिनं घडतात, त्याला घडणावळ किती पडते? सोनाराकडे असते तशी घडणावळ. शरीर म्हणजे एकदा बांधून मोकळं झालेलं घर नव्हे. रोज त्याच्या विटा निखळतात, रोज नव्या बसवाव्या लागतात. बाहेरून बघणाऱ्याला भिंत कालचीच दिसते. त्या न दिसणाऱ्या गवंडीकामावर जीव आपल्या कमाईतला केवढा वाटा उडवतो, हे नेत्रा मोजत आली होती. यकृताची कागदासारखी चकती काचेच्या कुपीत ठेवायची. ती प्राणवायू खाते, आणि कुपीतला प्राणवायू कमी होत जातो तशी पडद्यावर एक रेषा उतरत जाते. मग एका औषधाचा थेंब सोडायचा, जे औषध त्या गवंड्यांचे हात बांधून टाकतं. रेषेचा उतार तिथल्या तिथे मंद होतो. आधीचा उतार आणि नंतरचा उतार, त्यांच्यामध्ये जी फट पडते ती घडणावळ. म्हणजे घडण्याची किंमत कळायची तर घडणं थांबवावं लागतं, दुसरी वाट नाही. हे वाक्य ती विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं हसत हसत सांगत आली होती. अलीकडे ते तोंडात आलं की जीभ कोरडी पडायची.

बेडूक मलिहाबादचे. परवानगीचे कागद दाखवून, उन्हाळा तापला की आमराईत झाडांच्या आळ्यांच्या कडेची भुई खणायची; हात-दीड हात खाली तो सापडे, ढेकळातलं ढेकूळ होऊन निजलेला. पाय पोटाशी, डोळे आत ओढलेले, कातडी अशी की बोटाला माती आणि तो यांतला फरक लागू नये. पावसाळा येईपर्यंत न खाता न पिता तो तसाच राहतो. बागवाला दर वर्षी तेच म्हणायचा, "मैडम, लोग यहाँ दशहरी आम के लिए आते हैं, आप मेंढक के लिए. घर पे साहब कुछ बोलते नहीं?" आणि साहेब तेव्हा बोलायचे, खूप बोलायचे, तिला न्यायला-आणायला गाडी घेऊन यायचे आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरच्या ओल्या गोणपाटाकडे आरशातून बघून म्हणायचे, "मंडळी, पट्टे लावा." ह्या निजलेल्यांच्या चकत्या कुपीत ठेवल्या की औषध पडल्यावर रेषा वाकायची, पण इतकी थोडी, की श्वास रोखून बघावं लागे. त्यातही एक चमत्कार होता, जो तिने मांडला होता आणि सगळ्यांना पटला नव्हता: जितकं कमी घडतं, तितकी एकेका कणाची घडणावळ जास्त. भट्टी पेटवायचा खर्च तोच, मग दागिना एक घडवा की शंभर. शेजारच्या प्रयोगशाळेतला चंद्रहास, नागपूरकडचा, तिचा जुना सहकारी, चहाच्या वेळी यावरून तिला छळायचा. "मॅडम, औषध जास्त पडून राह्यलं तुमचं. गवंड्यांचे हात बांधायला गेल्या अन् सगळ्या गावालाच फाशी दिली. मंग आकडा फुगणारच ना." ती हसायची. पण चंद्रहासला एक गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. क्वचित एखादी चकती वेगळी निघे. बघायला निजलेल्यासारखीच, प्राणवायू निजलेल्याइतकाच मंद खायची. औषधाचा थेंब पडे, आणि रेषा वाकतच नसे. तशीच उतरत राही, सरळ, शांत, सुबक. कारण थांबवण्यासारखं आत काही चाललेलंच नसे. घडणं केव्हाच बंद झालेलं, नुसतं गळत असे. तशी चकती पहिल्यांदा बघितली तेव्हा नेत्रा पडद्यापुढून उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली होती. निजलेलं आणि संपलेलं बाहेरून सारखंच दिसतं, अगदी सारखंच, आणि थेंब टाकल्याशिवाय ओळखता येत नाही. तेव्हापासून तिला याची भीती बसली होती, आणि ती भीती आता तिच्या बाल्कनीत, वेताच्या खुर्चीत, पावलावर कबुतर घेऊन बसली होती.

डॉक्टर भला माणूस होता. सगळ्या तपासण्या नीट आल्या होत्या. त्याने देवदत्तशी बराच वेळ हळू आवाजात बोलून पाहिलं, मग नेत्राकडे वळून म्हणाला, "गोलियाँ चलने दीजिए. लेकिन खाना इतना कम है, मैं तो कहूँगा कुछ दिन भर्ती कर लेते हैं." ती म्हणाली, थोडं थांबू या. "कितना रुकेंगी?" तिने गोळ्यांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये घातली. घरी आल्यावर हिमानीने पाण्याची बाटली ओट्यावर आपटली. "आई, यार, डॉक्टर बोल रहे हैं ना. तुम किस चीज़ का वेट कर रही हो? पापा रोज़ थोड़े और कम हो जाते हैं." नेत्रा मराठीत म्हणाली, "निजलेल्याला मध्येच उकरलं ना, की तो साठवलेलं सगळं एका दमात उधळून बसतो आणि मरतो. मी बघितलंय." "पापा मेंढक नहीं हैं, आई." "आणि निजलेला नसेल, तर थांबणं हेच मारणं. तेही मला कळतं, हिमे." हिमानीने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली, लहानपणी टेकायची तशी, आणि दोघी जाळीतून बाहेर बघत राहिल्या. उन्हाने बाल्कनीची फरशी पांढरी पडली होती. कूलर चालू होता की बंद हे देवदत्तला कळत होतं असं दिसत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि नेत्राने त्या घामाचाही आधार घेतला.

मग आधार शोधायची तिला सवयच जडली. संस्थेतून दुपारीच परतायची, चपला दाराबाहेर काढायची, आवाज न करता आत यायची, चोरासारखी. जणू मरण घरात शिरलं असेल तर त्याला बेसावध गाठायचं. ताटातली पोळी अर्धी संपली असली तर बरं वाटे. मग वाटे, कबुतराला घातली असेल. त्याच्या डोळ्यांत आपण दिसतोय का बघे. अशा वेळी तिला आपली आई आठवे, लीलावती, सांगलीकडची. पोरं तापाने फणफणून झोपली की त्यांच्या उशाशी बसून स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणायची, हळू, की ऐकायला यावं पण जाग येऊ नये:

निजेला हाक नको
निजेचं झाकण काचेचं
आतल्या जिवाचं
पाणी हाले

पाणी हाले, एवढं म्हणताना आईचा हात तापलेल्या पोटावर असायचा. नेत्रा आता पन्नाशी ओलांडून गेली होती आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं की आई गात नव्हती, आई घाबरलेली होती. पाणी हलतंय का, ते ती हाताने बघत होती.

नखांचं तिला त्याच्या हाताकडे बघताना सुचलं. दुपारचा देवदत्त खुर्चीतच डोळे मिटून पडला होता, डावा हात मांडीवर पालथा, आणि तिला दिसलं की नखं वाढली आहेत. किती साधी गोष्ट. नख म्हणजे प्रथिनच. आत कुठेतरी गवंडी कामावर असल्याशिवाय नख वाढत नाही. थेंब टाकायला नको, काही थांबवायला नको. नुसती मुळाशी एक खूण करून ठेवायची आणि ती पुढे सरकते का बघायचं. सरकली, तर आत घडतंय; मग थांबायचं, उकरायचं नाही. नाही सरकली, तर. तिने तो विचार तिथेच सोडला. प्रयोगशाळेतल्या कुप्यांवर नावं घालायचं तिचं काळं पेन पर्समध्ये होतं, ज्याची शाई बर्फातही जात नाही, फक्त स्पिरिटने निघते. तिने त्याचा अंगठा दोन बोटांत धरला. केवढा जड होता. जिथे कातडी संपते आणि नख सुरू होतं, अगदी त्या काठाला लागून तिने एक बारीक आडवी रेघ ओढली. देवदत्तच्या पापण्या हलल्या नाहीत. पेन तिने फ्रिजवरच्या पेल्यात ठेवून दिलं, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

पहिले काही दिवस तिने मनाला बजावलं, इतक्यात काही दिसणार नाही, नख ते, गवत नव्हे. मग ती बघू लागली. पाणी देताना, गोळी देताना, कठड्यावरचे कपडे काढायच्या निमित्ताने. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, जणू सहज. रेघ काठाला होती. हात तसाच मांडीवर. एके दिवशी तिला वाटलं, कातडी आणि रेघ यांच्यामध्ये गुलाबी धाग्याएवढी फट पडलीय. आनंदाने तिच्या कानशिलांत ठोके पडले, आणि ती हिमानीला सांगायला निघाली, पण थांबली, की खात्री होऊ दे. दुसऱ्या दिवशी फट नव्हती. रेघ काठाला लागून, काळीभोर, जिथे ओढली होती तिथेच. डोळ्यांनी फसवलं, ती स्वतःला म्हणाली. जे हवं तेच वाचलं, विद्यार्थ्यांना यासाठीच तर ओरडतो आपण. शाई इतकी ताजी कशी, असं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगात तिने पहिल्या झटक्याला विचारलं असतं. इथे ती मनात म्हणाली, बर्फात टिकते ती. एकदा घरात शिरताच तिला स्पिरिटचा वास आला आणि ती दारातच गारठली, कारण तो वास प्रयोगशाळेचा, चकत्यांचा. मग तिने स्वतःची ओढणी हुंगली आणि ठरवलं, की आपल्याच अंगाला लागून आला असेल. "हिमे, माझं पेन कुणी हलवलं?" ती एकदा म्हणाली. पेन पेल्यात नव्हतं, फ्रिजच्या पुढच्या काठावर आडवं होतं. "मैंने छुआ भी नहीं," हिमानी आतून म्हणाली. "तुम्हारे मेंढकों वाला पेन मैं क्यों लूँ, छी." बाहेर चौकाकडून येणाऱ्या रिक्षांचे भोंगे, गॅसवर डाळीची शिट्टी, आणि जाळीपलीकडे तो. त्याच्या हनुवटीवरची दाढी वाढते का ते बघावं, तर हिमानी रोज सकाळीच त्याच्या गालांवरून रेझर फिरवायची, काही वाढलेलं असो वा नसो. तिला हातात धरवेल असं दुसरं काही नव्हतं. नेत्रा झोपेतून दचकून उठायची, आणि ऊन वर आलं की परत रेघेशी. काठाला. काठाला. जणू कुणी त्या नखात दारच लावून घेतलं होतं. प्रयोगशाळेत ती पडद्यापुढे बसायची आणि थेंब टाकायला हात धजायचा नाही. "बरं नाही का वाटून राह्यलं?" चंद्रहासने विचारलं. "रेषा वाकत नाहीये," ती म्हणाली. त्याला वाटलं कुपीबद्दल. "मंग टाकून द्या ना चकती," तो सहज म्हणाला, "उगाच कायले वेळ घालवता." ती उठली आणि न सांगता घरी आली. त्याच संध्याकाळी तिने डॉक्टरला फोन करून सांगितलं, की उद्या आणते.

सकाळी तिने बॅग भरली: दोन सदरे, लुंगी, टॉवेल, दाढीचं सामान. हिमानी खोलीत मोबाइलवर गाडी बोलवत होती. ऊन अजून कठड्याखालीच होतं. कबुतर कठड्यावर, हाताच्या अंतरावर. नेत्रा नेलकटर, कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन देवदत्तच्या पायाशी स्टुलावर बसली. माणसाला दवाखान्यात न्यायचं तर नखं कापून न्यावं, असं तिच्या घरचं वळण; आणि ती रेघ पुसून टाकायची होती, कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होती ती, की मी नवऱ्यावर खूण करून ठेवली होती, तो संपलाय का ते बघायला. स्पिरिटची बाटली तिला हलकी लागली. तिने कापूस भिजवला, त्याचा डावा हात हातात घेतला, आणि कापूस अंगठ्याकडे नेला.

देवदत्तने हात मागे ओढला.

जोरात नाही, पण ओढला, आणि मुठीत अंगठा झाकून घेतला, एखादं मूल गोळी लपवतं तसा. "नको," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी आलेला आवाज गंजल्यासारखा होता.

"काय नको?"

"पुसू नको. रेघ आहे ती."

"अहो, मीच काढलीय ती."

"माहीत आहे." मग तो थांबला. पुढचा शब्द कुठूनतरी खोलातून ओढून आणावा लागत असल्यासारखा थांबला, ओठ हलवून पाहिले. "जागाच होतो मी. तू काढून ठेवलीस... म्हटलं, बघायला सोपं जावं म्हणून असेल. दुरून." परत थांबला. "पण ती राहत नाही गं जागेवर."

"राहत नाही म्हणजे?"

"सरकते." त्याने मूठ उघडली आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तिला जे दिसलं ते तिच्या ओळखीचं होतं, तिच्याच आरशातलं होतं. "वर वर जाते. रोज बघतो. काठाला असते, मग मध्ये फट पडते. मग मी उठतो. स्पिरिटने पुसतो, पेन घेतो, परत काठाला ओढतो. हात कापतो, वेळ लागतो फार. पण सरळ ओढतो."

"का पण?"

नव्याने भरती झालेल्या पोराकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. "सरकली म्हणजे सैल झालं ना. तू वाकून वाकून बघायचीस. तुला जागेवर दिसली पाहिजे. नाहीतर तुला झोप कुठली लागणार." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू: "मला वाटायचं, सुटत चाललोय मी. आवळलं तरी थांबत नाही."

नेत्राच्या हातातल्या कापसातून स्पिरिट गळून फरशीवर पडलं आणि उडून गेलं. खुर्चीतून उठायचं, बाल्कनीचा उंबरा, सगळी बैठक ओलांडून फ्रिजपर्यंत, पेन, औषधांच्या डब्यातलं स्पिरिट, परत. एक घास गिळायला ज्याला दुपार लागत होती त्या माणसाने हे केलं होतं, पुन्हा पुन्हा, ती घरात नसताना, भिंतीला धरून धरून, आणि तिच्यासाठी मागे एवढंच ठेवलं होतं की काही घडलंच नाही. भिंत कालचीच दिसत होती. ती कुठल्या कुपीत हे मोजणार होती. तिने चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि त्याचा अंगठा उजेडात वळवला. ताज्या काळ्या रेघेच्या वर, नखाच्या गुलाबीवर, स्पिरिटने पुसूनही पुरत्या न गेलेल्या फिकट राखी खुणा होत्या. एक, तिच्यावर आणखी एक, तिच्यावर अजून एक, विरत विरत टोकाकडे चढत गेलेल्या, पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायरीवर राहतात तशा. इतके दिवस ती फक्त काठाकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली. "ती सरकायलाच काढली होती. नख वाढतं ना. सरकली की समजायचं, आत काम चालू आहे."

तो विचार करत राहिला. नट कुठल्या बाजूने फिरतो ते मनात फिरवून बघत असावा तसा. "म्हणजे सरकली तर बरं."

"सरकली तर बरं."

"आणि मी..." त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित, फार किंचित, जागचा हलला. "सगळं माप बिघडवलं तुझं."

"सगळं."

"सांगायचंस."

"तुम्ही सांगायचं होतं."

तेवढ्यातच जणू त्याची दिवसाची मिळकत संपली. डोळे मिटले, मान मागे टेकली. आणि नेत्राच्या छातीत ती जुनी थंड भीती परत येऊन आपल्या जागेवर बसली. ती कुठे गेली नव्हतीच. नख वाढतं, पण वाढत राहीलच असं नाही. निजलेले सगळेच पावसापर्यंत पोचत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. तिने सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीकडे पाहिलं. गुंडी हलली. खोलीतून हिमानीची हाक आली, "आई, कैब नीचे आ गयी. पापा को मैं पकड़ूँ?" नेत्राने स्पिरिटच्या बाटलीचं झाकण लावलं. कापूस कोरडा झाला होता. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, खरंच विचारलं, कारण इतके दिवस हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं: "दवाखान्यात जायचं? थोडे दिवस. मी असेन तिथे."

भट्टी पेटायला वेळ लागतो, ती मनात म्हणत राहिली.

"पेन घे बरोबर," देवदत्त म्हणाला, डोळे मिटूनच. "आता पुसणार नाही."

मग त्याने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले. वेत करकरला. मनगटांच्या शिरा वर आल्या, आणि नेत्रा हात पुढे करून तशीच थांबली, न धरता. तो उठून उभा राहिला. कठड्यावरचं कबुतर दचकलं, फडफडाट करत उडालं, आणि समोरच्या टाकीवर जाऊन बसलं तरी कितीतरी वेळ मान वळवून वळवून इकडेच बघत राहिलं.